व्हायरस ओळखायचा कसा? कोकणातल्या नवशिक्यांसाठी, रचनेपासून वर्गीकरणापर्यंत

पाऊस लागला की आपल्याकडे कुणालाही ताप येऊ दे, वाक्य ठरलेलं, "व्हायरल आहे, जाईल दोन दिवसांत." आता ते व्हायरल म्हणजे डेंग्यू, चिकनगुनिया, साधा फ्लू की भलतंच काही, हे कुणी विचारत नाही आणि विचारलं तरी या सगळ्यांना एकाच टोपलीत टाकून मोकळे होतात. प्रत्यक्षात यातले काही व्हायरस एकमेकांपासून इतके लांबचे आहेत की त्यांची नातीगोती लावायला गेलात तर कुठे जुळणारच नाहीत.

हा लेख बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला मायक्रो घेतलेल्या मुलांसाठी, वाड्यावाड्यांवर फिरणाऱ्या आशाताईंसाठी, कोळंबीचे तलाव चालवणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या परसात भेंडी पिवळी पडतेय अशा सगळ्यांसाठी आहे. पाठांतराची गरज नाही. माझं म्हणणं एवढंच, की रोगाच्या नावावरून सुरुवात करू नका, तो डासाने पसरतो की गोचिडीने यावरूनही करू नका, आधी तो कण बनलाय कसा ते बघा. आत काय आहे, कवच कसलं आहे, कवचावर आवरण आहे का. हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली की वर्गीकरणाचं अर्धं काम झालंच म्हणून समजा.

पायरी १ : आधी तो व्हायरस आहे तरी का ते बघा

ही पायरी सगळे गाळतात. लेप्टो घ्या, भातलावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्या माणसांना होणारा. तो व्हायरस नाही, लेप्टोस्पायरा नावाचा मळसूत्रासारखा बॅक्टेरिया आहे, म्हणून त्याला डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक लागू पडतं आणि म्हणूनच "व्हायरल असेल" म्हणत घरी बसणं महागात पडू शकतं. मलेरिया हा प्रोटोझोआचा, म्हणजे एकपेशीय परजीवीचा. सुपारीचा कोळेरोग बुरशीसारख्या एका जीवाचा. आंब्याचा करपा, भुरी बुरशीचे. हापूसमधला साका तर कुठल्याच जंतूचा नाही, फळाच्या आतला बिघाड आहे तो. कोळंबीत ईएचपी म्हणून जो प्रकार वाढ खुंटवतो तो मायक्रोस्पोरिडियन परजीवी, आणि ईएमएस म्हणतात तो व्हिब्रिओ बॅक्टेरियाचा. यातल्या एकालाही व्हायरस म्हणता येणार नाही.

मग व्हायरस कशाला म्हणायचं? ज्याला स्वतःचा रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र, नाही, स्वतःची ऊर्जा तयार करता येत नाही, जो दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय स्वतःची एकही प्रत काढू शकत नाही, आणि जो पेशीसारखा वाढून दोनात विभागत नाही तर सुटे भाग वेगवेगळे बनवून मग जुळवतो, तो. पेशीबाहेर असतो तेव्हाच्या त्या पूर्ण जुळलेल्या कणाला व्हिरिऑन म्हणतात. अँटिबायोटिक व्हायरसवर का चालत नाही याचं उत्तरही इथेच आहे. पेनिसिलिन बॅक्टेरियाची पेशीभिंत बनू देत नाही, डॉक्सिसायक्लिन त्याचा रायबोसोम अडवतं, आणि व्हायरसकडे भिंतही नाही नि रायबोसोमही नाही, मग औषध मारणार कशावर?

जुनी व्याख्या वेगळी होती. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्हस्की या रशियन संशोधकाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस बॅक्टेरिया अडवणाऱ्या चिनीमातीच्या फिल्टरमधून गाळला, तरी गाळलेल्या रसाने नव्या रोपांना रोग झालाच. १८९८ मध्ये मार्टिनुस बायरिंक या डच शास्त्रज्ञाने तेच पुन्हा करून सांगितलं की हा बॅक्टेरिया नव्हे, काहीतरी वेगळंच आहे. तेव्हापासून "फिल्टरमधून जातो तो व्हायरस" असं बरीच वर्षं चाललं. पण हा नियम आज धरून बसू नका, आपला लेप्टोच इतका बारीक आहे, जाडी जेमतेम ०.१ मायक्रोमीटर, की तोसुद्धा बॅक्टेरिया अडवणाऱ्या फिल्टरमधून निसटतो.

पायरी २ : आकाराचा अंदाज घ्या

थोडक्यात सांगतो. मोजमाप नॅनोमीटरमध्ये, एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर. डेंग्यूचा कण साधारण ५० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात असे २०,००० कण ओळीने बसतील. पोलिओचा ३० च्या आसपास, केळीच्या पर्णगुच्छाचा १८ ते २०, उलट मिमीव्हायरससारखे राक्षसी व्हायरस वरचे तंतू धरून ७०० च्या वर जातात. कॉलेजातल्या साध्या मायक्रोस्कोपची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर, त्यामुळे तिथे डोळे फोडून काही दिसणार नाही. १९३१ मध्ये जर्मनीत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनला आणि १९३९ मध्ये तंबाखूच्या त्याच रोगाच्या, म्हणजे तंबाखू मोझॅक व्हायरसच्या काड्या पहिल्यांदा चित्रात दिसल्या. त्याआधीच, १९३५ मध्ये, वेंडेल स्टॅन्लीने याच व्हायरसचे मिठासारखे स्फटिक करून दाखवले होते. स्फटिक करून बाटलीत भरून ठेवला आणि तरी तो रोपाला रोग देतोय, मग याला जिवंत म्हणायचं की नाही यावर लोक आजही वाद घालतात. नवशिक्याने त्या वादात पडू नये, वेळ जातो फक्त.

पायरी ३ : आत काय आहे ते विचारा

प्रत्येक जिवंत पेशीत अनुवंशाची मूळ प्रत डीएनएवर असते, दुहेरी. व्हायरसमध्ये असा काही नेम नाही. डीएनए किंवा आरएनए, एकेरी किंवा दुहेरी, सरळ किंवा गोल, एकसंध किंवा तुकड्यांत, सगळे प्रकार सापडतात. म्हणून नव्या व्हायरसचं नाव कानावर आलं की आधी हे चार मुद्दे वहीत लिहा.

तुकड्यांचा मुद्दा लोक हलक्यात घेतात, पण तो फार कामाचा आहे. फ्लूच्या इन्फ्लुएन्झा ए या व्हायरसचा आरएनए आठ तुकड्यांत असतो. एकाच डुकराच्या एकाच पेशीत माणसाचा फ्लू आणि पक्ष्याचा फ्लू एकदमच शिरले तर बाहेर पडणाऱ्या नव्या कणांत थोडे तुकडे याचे, थोडे त्याचे अशी अदलाबदल होऊ शकते, आणि मग आपल्या शरीराने कधी न पाहिलेला फ्लू तयार होतो, २००९ चा स्वाइन फ्लू असाच अदलाबदलीतून आला. डेंग्यूचा आरएनए एकसंध, तिथे ही गंमत अशी होत नाही. लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसचे अकरा तुकडे, तेही दुहेरी आरएनएचे.

केळीचा पर्णगुच्छ तर कमालच. पानं वर गोळा होऊन झाड झाडूसारखं दिसायला लागतं तो रोग, मावा पसरवतो. याचा डीएनए एकेरी आणि गोल, सहा तुकडे, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या कणात भरलेला. म्हणजे पूर्ण संसर्ग व्हायचा तर वेगवेगळे कण झाडात पोचावे लागतात. हे मला अजूनही थोडं आगाऊपणाचं वाटतं, एवढा धोका पत्करून निसर्ग काय मिळवतो कोण जाणे, पण चाललंय त्याचं.

पायरी ४ : कवच बघा

अनुवंशाभोवती प्रोटीनचं कवच असतं, त्याला कॅप्सिड म्हणतात. इथे एक अडचण समजून घ्या, कारण तिच्यातूनच सगळे आकार निघतात. व्हायरसकडे जागा कमी, जीन मोजके. वेगवेगळी शंभर प्रोटीनं बनवायची तर शंभर जीन लागतील आणि ते मावणार कुठे? मग तो काय करतो, एकदोन प्रोटीनं बनवतो आणि तीच परत परत वापरतो. आपल्याकडे जांभ्या दगडाचे एकाच मापाचे चिरे काढून त्यातच आख्खं घर उभं राहतं, प्रत्येक कोपऱ्यासाठी वेगळा दगड कुणी घडवत बसत नाही, तसंच. एकच तुकडा परत परत लावून बंद आकार करायचा तर निसर्गाला दोनच सोपे मार्ग सापडले.

पहिला मार्ग सर्पिल, म्हणजे हेलिकल. प्रोटीनचे तुकडे गोल जिन्यासारखे एकावर एक चढत जातात आणि आरएनए त्यांच्या खाचेत गुंडाळलेला असतो. तंबाखू मोझॅक व्हायरस हे याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण, ३०० नॅनोमीटर लांब, १८ जाड, आणि त्यात एकाच प्रोटीनच्या सुमारे २,१३० प्रती. रोझालिंड फ्रँकलिन, जिचं नाव आपण डीएनएच्या संदर्भात ऐकतो, तिने शेवटची काही वर्षं याच व्हायरसच्या रचनेवर काम केलं आणि आरएनए कणाच्या मधोमध पोकळीत नसून प्रोटीनमध्येच रुतलेला आहे हे दाखवलं. पपईचा रिंगस्पॉट व्हायरसही सर्पिल, पण तो ताठ काडी नाही, जवळपास ८०० नॅनोमीटर लांब लवचीक दोरा आहे.

दुसरा मार्ग वीस फलकांचा, म्हणजे आयकोसाहेड्रल. वीस समभुज त्रिकोण, बारा टोकं. लांबून बघितलं तर गोलच वाटतो, म्हणून जुन्या पुस्तकांत "गोलाकार व्हायरस" लिहिलेलं सापडेल. हा आकार करायला कमीत कमी ६० प्रोटीन लागतात. मोठं कवच हवं असेल तर ६० च्या पटीत, १८०, २४० असं वाढत जायचं, आणि हे गणित १९६२ मध्ये डोनाल्ड कॅस्पर आणि ॲरन क्लुग यांनी मांडलं. त्या पटीला टी नंबर म्हणतात. परीक्षेत टी बरोबर ३ दिलं तर सरळ ६० गुणिले ३ करा, १८० उत्तर. सर्दी आणि डोळे येण्यामागे असतो त्या अडेनोव्हायरसच्या कवचावर प्रोटीनचे २५२ गठ्ठे मोजता येतात, २४० गठ्ठ्यांना सहा शेजारी आणि बारा टोकांवरच्या बारांना पाच शेजारी. कवच केवढंही मोठं करा, पाच शेजारी असलेले गठ्ठे बाराच राहतात. कागदाचे वीस त्रिकोण कापून चिकटवून बघा एकदा, वाचून समजत नाही ते पाच मिनिटांत समजतं.

भेंडीवरच्या केवड्याचा व्हायरस, पांढरी माशी पसरवते तो, जेमिनी कुळातला. याची दोन अपुरी आयकोसाहेड्रल कवचं एकमेकांना चिकटलेली, जुळं दिसतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हा आकार दिसला की कुळाबद्दल शंकाच राहत नाही.

या दोन्हीत न बसणारे ते गुंतागुंतीचे. बॅक्टेरियाला खाणारा टी-४ फाज, डोकं आयकोसाहेड्रलचंच पण लांबट, खाली आकुंचन पावणारी शेपटी आणि सहा लांब तंगड्या. देवीच्या कुळातले पॉक्सव्हायरस विटेच्या आकाराचे, आणि गुरांना लम्पी करणारा व्हायरस याच कुळातला.

पायरी ५ : वर आवरण आहे का? हाच खरा कामाचा प्रश्न

कॅप्सिडच्या वर काही व्हायरसना चरबीचं पातळ आवरण असतं. हे आवरण व्हायरस स्वतः बनवत नाही. पेशीतून बाहेर पडताना पेशीचाच पडदा अंगावर ओढून घेतो, फक्त त्यात आपली प्रोटीनं आधीच रोवून ठेवलेली असतात, ते बाहेर आलेले काटे. कोरोनाचे काटे तर २०२० पासून लहान पोरांनाही काढता येतात. याच काट्यांनी व्हायरस पुढची पेशी पकडतो, आणि बऱ्याच लसी याच काट्यांविरुद्ध शरीराला तयार करतात.

आता उलटं वाटेल, पण ज्याच्यावर हे जास्तीचं आवरण आहे तो बहुतेक वेळा नाजूक असतो. साबण चरबी विरघळवतो, आवरण फाटतं, काटे गेले, व्हायरस निकामी. साठ टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर तेच करतं. कुत्रा चावला की जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा असं जे सांगतात त्याचं कारणही हेच, रेबीजचा बंदुकीच्या गोळीसारखा कण आवरणवाला आहे. धुवून झाल्यावर हळद, चुना, मिरची काही लावू नका आणि थेट दवाखाना गाठा, धुणं म्हणजे लस नव्हे.

आवरण नसलेले मात्र चिवट. पोलिओ, रोटा, नोरो, कावीळ ए आणि ई, यांचं नुसतं प्रोटीनचं कवच पोटातलं ॲसिड, पित्त सगळं सहन करून आतड्यापर्यंत पोचतं, आणि त्यामुळेच हे सगळे दूषित पाण्या-अन्नातून पसरतात. सॅनिटायझर चोळून यांचं फारसं काही बिघडत नाही, हात साबणाने चोळून वाहत्या पाण्यात धुतले तर ते निघून जातात, आणि पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा क्लोरीन टाकलेलंच हवं. पावसाळ्यात विहीर गढूळ झाली की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका म्हणून आशाताई मागे लागतात ना, ते याचसाठी.

अपवाद आहेतच. कावीळ बी आवरणवाला असून वाळलेल्या रक्तात आठवडाभर टिकतो, त्यामुळे दुसऱ्याचं ब्लेड, सुई वापरायची नाही. लम्पीचा व्हायरस गुराच्या अंगावरच्या खपल्यांत महिनाभरही राहतो. तरी नवशिक्याने आधी नियम पक्का करावा, अपवाद मागाहून.

आत, कवच, आवरण हे तीन प्रश्न काही माझ्या डोक्यातून आलेले नाहीत. १९६२ मध्ये आंद्रे ल्वॉफ, रॉबर्ट हॉर्न आणि पॉल टुर्निये यांनी व्हायरसचं वर्गीकरण जवळपास याच कसोट्यांवर मांडलं होतं, जोडीला कवचावरच्या गठ्ठ्यांची संख्या. ते वर्गीकरण आता जसंच्या तसं कुणी वापरत नाही, पण शिकायला यापेक्षा चांगलं दार मला दिसलेलं नाही.

पायरी ६ : बाल्टिमोरचे सात गट

इथे पुस्तकं एक टेबल टाकून मोकळी होतात आणि मुलं ते घोकतात. त्यामागचा प्रश्न एकच आहे. प्रोटीन बनवायचं तर पेशीच्या रायबोसोमला मेसेंजर आरएनए, म्हणजे ते प्रोटीन कसं बनवायचं ते सांगणारी प्रत, द्यावा लागतो, यातून कुठल्याच व्हायरसची सुटका नाही. मग तुमच्याकडे जे काही अनुवंशाचं सामान आहे त्यापासून मेसेंजरपर्यंत तुम्ही पोचता कसे? डेव्हिड बाल्टिमोरने १९७१ मध्ये याच प्रश्नावर गट पाडले.

पहिला गट दुहेरी डीएनएवाल्यांचा. यांचा मार्ग आपल्या पेशींसारखाच. अडेनो, नागीण आणि कांजिण्या करणारा हर्पिस कुळातला व्हायरस, लम्पी आणि कोळंबीचा व्हाईट स्पॉट. दुसरा गट एकेरी डीएनए, हे आधी दुहेरी करून घ्यावं लागतं, मग पुढे. केळीचा पर्णगुच्छ, भेंडीचा केवडा, कुत्र्याच्या पिल्लांना रक्ताचे जुलाब करणारा पार्व्हो. तिसरा दुहेरी आरएनए, रोटा.

चौथा आणि पाचवा, इथे जरा थांबा. दोन्ही एकेरी आरएनएच, पण चौथ्यातला आरएनए प्लस, म्हणजे तोच मेसेंजर. पेशीत गेला की रायबोसोम थेट वाचायला लागतो. इतका थेट, की १९५६ मध्ये तंबाखू मोझॅकचं कवच काढून नुसता आरएनए पानावर चोळला तरी पानाला रोग झाला. डेंग्यू, माकडताप, चिकनगुनिया, पोलिओ, कोरोना, गुरांचं लाळ्या खुरकूत, पपईचा रिंगस्पॉट सगळे चौथ्यात. पाचव्यातला आरएनए मायनस, मेसेंजरची उलटी प्रत. रायबोसोमला तो वाचता येत नाही, आणि आरएनएवरून आरएनए काढणारं एन्झाइम तर आपल्या पेशीत अशा कामाला मिळत नाही. म्हणून या व्हायरसना ते एन्झाइम बांधून सोबत आणावंच लागतं, कणाच्या आतच. मायनस व्हायरसचा नुसता आरएनए पेशीत टाकला तर काहीच घडत नाही. फ्लू, रेबीज, गोवर, गालगुंड, निपाह आणि कोंबड्यांची मानमोडी या पाचव्या गटात. परीक्षेत "पाचव्या गटाचा व्हिरिऑन एन्झाइम सोबत का नेतो" हा प्रश्न आला तर एवढंच लिहायचं.

सहावा आणि सातवा गट उलट्या दिशेचे. एचआयव्ही आरएनएवरून डीएनए काढतो आणि तो आपल्या डीएनएत घुसवतो, म्हणून तो शरीरातून पूर्ण काढता काढता नाकी नऊ येतात. कावीळ बी हा सातवा, डीएनए घेऊन येतो पण प्रती काढताना मध्ये आरएनएचा वळसा घेतो. दोघंही रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं एन्झाइम वापरतात, ते १९७० मध्ये सापडलं आणि त्यासाठी बाल्टिमोर आणि हॉवर्ड टेमिन यांना १९७५ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

पायरी ७ : कूळ, प्रजाती आणि त्या लांबलचक शेपट्या

बाल्टिमोरचे गट मार्ग सांगतात, नाती नाही. डेंग्यू आणि पपईचा रिंगस्पॉट एकाच गटात बसतात म्हणून ते सख्खे होत नाहीत. नात्यांचं काम बघते व्हायरसच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीटीव्ही, सुरुवात १९६६ ची. ती जनुकीय क्रम, कणाची रचना, प्रती काढायची पद्धत, यजमान कोण असं सगळं मिळून ठरवते. पायऱ्या आता पंधरापर्यंत वाढल्या आहेत, तुम्ही तीनच लक्षात ठेवा. शेवटी "व्हिरालीस" आलं की गण, "व्हिरिडी" आलं की कूळ, नुसतं "व्हायरस" आलं की प्रजातीच्या वरची पायरी, म्हणजे जीनस. सगळ्यात वरची पायरी रेल्म, शेवट "व्हिरिया". रेल्म एक नाही, अनेक आहेत, कारण सगळ्या व्हायरसमध्ये सारखा असा एकही जीन सापडत नाही, म्हणजे सगळ्यांचा मूळ पुरुष एकच असावा असं मानायला आधार नाही.

गंमत बघा, बाल्टिमोरच्या पद्धतीत एचआयव्ही आणि कावीळ बी वेगवेगळ्या गटांत बसतात, तर आयसीटीव्हीने त्या सामायिक एन्झाइमवरून दोघांना वरच्या पायरीवर एकाच वर्गात आणून बसवलं. दोन्ही बरोबरच आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

आता करून बघा

सोपं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली. हा व्हायरस मुळात १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासानूर जंगलात सापडला आणि ते काम पुण्याच्या संस्थेने केलं, तिला आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही म्हणतात. मेलेल्या माकडांच्या आसपास गोचिडी असतात, जंगलात, काजूच्या बागांत जाणाऱ्यांना चावतात. आत काय? एकेरी प्लस आरएनए, एकसंध, सुमारे ११,००० अक्षरांचा. आवरण? आहे. कूळ? फ्लेव्हिव्हिरिडी. म्हणजे डेंग्यूचंच कूळ, जीनससुद्धा तोच.

आणि चिकनगुनिया? डेंग्यूचाच एडिस डास, ताप तसाच, सांधे धरतात तेवढा फरक, बाल्टिमोरचा गटही चौथाच, पण कूळ टोगाव्हिरिडी, जीनच्या मांडणीचा क्रमच वेगळा. म्हणजे गोचिडीचा माकडताप डेंग्यूचा भाऊबंद आणि एकाच डासावर बसून येणारा चिकनगुनिया परका. वाहक बघून नातं लावलं असतं तर दोन्हीकडे चुकलं असतं.

दुसरं, कावीळ. ए, बी, सी, डी, ई असे पाच व्हायरस, पाचही यकृतावर जातात म्हणून नाव एक. ए आणि ई प्लस आरएनएवाले, आवरण नाही, पाण्यातून येतात, पण कुळं दोघांची वेगळी, पिकॉर्ना आणि हेपी. बी डीएनएवाला, रक्तातून. सी आवरणवाला आरएनए, डेंग्यूच्या गोतावळ्यातला. आणि डी तर अर्धवट, आरएनएची जेमतेम १,७०० अक्षरं, स्वतःचं बाहेरचं आवरण बनवायची ऐपत नाही, बी असेल तरच त्याचे काटे उसने घेऊन बाहेर पडतो. म्हणून बीची लस घेतली की डीपासूनही वाचता. शिवाय लेप्टोनेही डोळे पिवळे होतात आणि तो तर व्हायरसच नाही. गावठी औषध देणारा "कावीळ उतरवतो" म्हणतो तेव्हा नेमकी कुठली, हे त्याला विचारून बघा.

तिसरं कोळंबीवाल्यांसाठी. व्हाईट स्पॉट, शेवटी कवचावर पांढरे ठिपके आणि तीन ते दहा दिवसांत तलाव साफ. दुहेरी गोल डीएनए, सुमारे ३ लाख जोड्यांचा, आवरणवाला, लांबट कण आणि एका टोकाला शेपटीसारखा धागा, कूळ निमाव्हिरिडी. सर, तलावात कुठलं अँटिबायोटिक टाकू, असं विचारणारे भेटतातच, तर कुठलंच नाही, पहिल्या पायरीवर परत जा. खेकडेही हा व्हायरस वागवतात, म्हणून बांधाभोवती जाळी लावायची, पीसीआर, म्हणजे व्हायरसचा अनुवंश शोधणारी चाचणी, केलेलंच बीज घ्यायचं, तलाव पूर्ण वाळवायचा आणि पाणी आत घेतल्यावर ब्लीचिंग पावडर मारून मगच बीज सोडायचं. माणसाला याचा काही त्रास नाही. ठिपके दिसले म्हणून लगेच व्हाईट स्पॉट ठरवू नका, बॅक्टेरियानेही आणि पाण्यातल्या क्षारांनीही कवचावर ठिपके येतात, नमुना लॅबला द्या, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे तिथे चौकशी करता येईल.

शेवटचं, नावं लिहिण्याबद्दल, कारण जर्नल भरताना इथेच मार्क जातात. २०२१ पासून प्रजातीचं नाव दोन शब्दांचं झालंय, जसं रेबीजसाठी लिसाव्हायरस रेबीज, डेंग्यूसाठी ऑर्थोफ्लेव्हिव्हायरस डेंगी. इंग्रजीत लिहिताना प्रजाती, जीनस, कूळ ही नावं तिरक्या अक्षरांत, हाताने लिहीत असाल तर खाली रेघ. पण डेंग्यू व्हायरस, रेबीज व्हायरस हे आपलं रोजचं नाव सरळच लिहायचं. कॉलेजच्या लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात डेंग्यूचा जीनस फ्लेव्हिव्हायरस दिसेल, त्याला २०२३ पासून पुढे "ऑर्थो" लागलंय, आणि अशी नावं दरवर्षी बदलत असतात, म्हणून सबमिशनच्या आदल्या रात्री आयसीटीव्हीच्या साइटवर नाव टाकून एकदा बघून घ्या, फुकट आहे, रेंज मिळाली म्हणजे झालं.